दोन वर्षे हार्लेममध्ये, पण हार्लेम कुठे आहे?

परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांनी हे दोघे कधी ना कधी पाहिलेले असतात. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी. पट्टीवर 'एल्डर' आणि खाली आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा; प्रत्यक्षात मात्र समोर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा उभा असतो, ज्याला अजून धड इस्त्री करता येत नाही. स्टेशनबाहेर, बसथांब्यावर किंवा थेट दारात तो नम्रपणे दोन मिनिटे मागतो. आपण तितक्याच नम्रपणे "नको, थँक्यू" म्हणतो आणि तो विषय आपल्यापुरता संपतो.

नाटक-सिनेमावाल्यांचा विषय मात्र या दारापाशीच सुरू होतो, आणि बहुतेकांचा तिथेच अडकतो. २०११ साली ब्रॉडवेवर आलेले 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीत नाटक दारावरच्या घंटांनीच उघडते. पुढे दोन मिशनरी युगांडात जातात आणि तिथे त्यांच्या भाबडेपणाची यथेच्छ टिंगल होते. नाटकाला नऊ टोनी पुरस्कार मिळाले. चर्चने चिडण्याऐवजी नाटकाच्या माहितीपुस्तिकेतच आपल्या ग्रंथाची जाहिरात दिली, हा त्यातला सर्वांत चतुर विनोद. २०२४ च्या 'हेरेटिक'मध्ये दोन मिशनरी मुली एका वयस्कर गृहस्थाच्या घरात शिरतात आणि दार मागून बंद होते. ह्यू ग्रँटने तो गृहस्थ मस्त रंगवला आहे. एका कलाकृतीत दार म्हणजे विनोद, दुसरीत दार म्हणजे सापळा. पण दार उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर ही मुले काय करतात, सोमवार ते रविवार त्यांचा आठवडा कसा जातो, हे दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते.

तो आठवडा दाखवायचा प्रामाणिक प्रयत्न मला सापडला तो स्कॉट अँडरसन यांच्या 'द बेस्ट टू इयर्स' (२००३) या छोट्या चित्रपटात. त्यांनी तो आपल्याच नाटकावरून केला आहे. चित्रपट घडतो नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये. मी राहतो त्या लायडनपासून हार्लेम आगगाडीने वीसेक मिनिटांवर. त्यामुळे हा लेख लिहिताना माझ्या एका डोळ्यात समीक्षक आहे आणि दुसऱ्यात शेजारी, हे आधीच सांगून टाकतो.

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या आठवड्याची चौकट माहीत असलेली बरी. मुलगे दोन वर्षे, मुली दीड वर्ष. मुलग्यांचे किमान वय २०१२ पासून १८, आणि मुलींचे २०१२ ते २०२५ या काळात १९ होते. देश कोणता ते चर्च ठरवते. आपण फक्त हो म्हणायचे. पगार नाही, उलट खर्च स्वतः किंवा घरच्यांनी भरायचा. नवी भाषा प्रशिक्षणकेंद्रात काही आठवड्यांत घोटून घ्यायची. मग साडेसहाला उठणे, व्यायाम, अभ्यास, दिवसभर रस्त्यावर, साडेदहाला दिवे बंद. जोडीदार चर्चने दिलेला, आणि त्याला नजरेआड होऊ द्यायचे नाही. काही आठवडे गेले की बदली: नवा जोडीदार, कदाचित नवे गाव. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, 'तयारीचा'. कपडे धुवायचे, किराणा आणायचा, घरी पत्र लिहायचे. पूर्वी घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला करता येई; २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. आपल्या आधीच्या पिढीतल्या ज्यांनी कॉलिंग कार्डाची मिनिटे मोजत आईशी बोलणे केले आहे, त्यांना या बदलाची किंमत वेगळी सांगायला नको.

'द बेस्ट टू इयर्स' या चौकटीत चौघांना ठेवतो. घर एक, जोड्या दोन. जॉन्सन आणि व्हॅन पेल्ट ही एक. दुसऱ्या जोडीत रॉजर्स हा मुरलेला आणि विझलेला: घरी वाट पाहणारी मैत्रीण गमावली आहे, काम करायची इच्छा उरलेली नाही, राहिलेले दिवस ढकलतो आहे. त्याच्या गळ्यात बांधला जातो कॅलहून, नुकताच विमानातून उतरलेला, उत्साहाने ओसंडणारा, आणि डच भाषेचे रोज नव्याने मुडदे पाडणारा.

चित्रपटाची खरी कमाई या घरात आहे. निवड न करता लाभलेल्या माणसाबरोबर चोवीस तास काढणे म्हणजे काय, हे अँडरसन यांना आतून ठाऊक आहे. पत्र कोणाला आले आणि कोणाला नाही यावर घराचे हवामान कसे बदलते, कोणी आधी उठून देवाचे नाव घेतो आणि कोणी पांघरूण ओढून घेतो यातून किती धुसफूस साचते, हे सगळे हलक्या हाताने येते. परदेशात पहिल्या वर्षी चार-पाच जणांत फ्लॅट वाटून राहिलेल्या कोणालाही हे घर ओळखीचे वाटेल. भांडणाचे कारण धर्म नसते. ते नेहमीसारखेच दुसऱ्याच्या सवयीचे असते. मिशनरी म्हणजे एक तर संत किंवा मठ्ठ, या दोन साच्यांतून बाहेर काढून त्यांना साधी मुले करणे हे या चित्रपटाने केले. ते ब्रॉडवेला जमले नाही, आणि त्याला करायचेही नव्हते.

मग कथेला वळण मिळते. कॅलहूनला रस्त्यात काइल हॅरिसन भेटतो आणि ऐकायला तयार होतो. त्याला शिकवता शिकवता रॉजर्सला स्वतःचाच हरवलेला विश्वास परत सापडतो. शिकवणाऱ्याला शिकवण्यातून उमगते, ही गोष्ट कोणत्याही शिक्षकाला पटेल. तो बदल दाखवताना चित्रपट फारसा कढ काढत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

पण इथेच मला हा चित्रपट खटकतो. काइल अमेरिकन आहे.

यावर जरा थांबून विचार करावा. चार अमेरिकन मुले डच शिकतात, डच पाऊस अंगावर घेतात, डच सायकली चालवतात, डच दारे ठोठावतात. आणि अखेर त्यांचे ऐकणारा जो माणूस मिळतो तो त्यांच्याच देशाचा, त्यांच्याच भाषेत बोलणारा. डच माणसे पडद्यावर येतात ती बहुतेक मान हलवून नकार देण्यापुरती. हार्लेम हे पार्श्वभूमीवरचे सुंदर चित्र बनून राहते: कालवा, विटांची घरे, सायकली. ज्या देशासाठी दोन वर्षे वाहिली, त्या देशातला एकही माणूस कथेच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही.

यात सत्य नाही असे नव्हे. नेदरलँड्समध्ये निम्म्याहून अधिक लोक स्वतःला कोणत्याच धर्माचे मानत नाहीत. दारात उभ्या राहिलेल्या धर्माला इथे राग मिळत नाही. शांत निरुत्साह मिळतो आणि तो रागापेक्षा अवघड असतो. शिवाय तुम्ही डचमध्ये अडखळलात की समोरचा सौजन्याने इंग्रजीत उत्तर देतो. माझ्या प्रयोगशाळेतही दोन परदेशी माणसे जेवणाच्या टेबलाशी आली की सगळे टेबल इंग्रजीकडे वळते. ही त्यांची अगत्याची रीत आहे, पण त्या अगत्यानेच परका माणूस दाराच्या अलीकडे राहतो. कॅलहूनचे तोडके डच हा या चित्रपटात फक्त हशा मिळवायचा मार्ग आहे. तो विनोद एक पायरी खाली उतरला असता, तर इथल्या प्रत्येक परदेशी माणसाची गोष्ट हाती लागली असती: भाषा शिकूनही तिच्यात कोणी बोलत नाही याची. काइल अमेरिकन ठरल्यामुळे तो प्रश्नच टळला.

मिशनरीच्या गोष्टीत दाराच्या आतले माणूस दिसत नाही, ही तक्रार मराठी वाचकाने करायला एक खास कारण आहे. मिशनरी आपल्याला नवे नाहीत. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८५० च्या दशकात मॉर्मन मिशनरीसुद्धा मुंबई-पुण्यात येऊन गेले, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. पण मिशनरींनी आपल्या अहवालांत जे लिहिले त्याच्या पलीकडची बाजू मराठीत इतक्या ताकदीने लिहिली गेली आहे की आपले मापच बदलले. ते माप म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'.

नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका परदेशी सहप्रवाशाने बायबल दिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या सहप्रवाशाच्या आठवड्यात ती घटना केवढी असणार? घरी लिहायच्या पत्रात दोन ओळी: आज गाडीत एक सुशिक्षित ब्राह्मण भेटला, चांगले बोलणे झाले. पुढचे स्टेशन आले, तो उतरला. त्या भेटीची दुसरी बाजू मात्र चार भाग भरून उरली. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. आप्त, सोवळे-ओवळे, मुलाचे काय, लोक काय म्हणतील, स्वतःचे काय: सगळे एका दिवसात प्रश्न झाले. पुढे काही वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागे फरफटत गेल्या नाहीत. आपल्या वाटेने, आपल्या वेळेला, आपल्या विनोदासह गेल्या. म्हणून ते पुस्तक ना मिशनच्या बाजूचे आहे ना विरोधाचे.

हे वाचून मोठा झालेला माणूस काइलकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात साधे प्रश्न येतात. या माणसाच्या घरी कोण आहे? त्याच्या आईला हे कळल्यावर ती काय म्हणेल? त्याच्या उद्याच्या सोमवारचे काय? चित्रपट या प्रश्नांत फारसा रमत नाही. काइलचा बाप्तिस्मा हे रॉजर्सच्या गोष्टीचे फळ आहे. काइलची स्वतःची गोष्ट मात्र अजून सुरूही झालेली नाही.

यावर कोणी म्हणेल की हा चित्रपट त्या समाजाने आपल्याच लोकांसाठी केला आहे. आपल्या मुलांना दूरदेशी धाडणाऱ्या आईवडिलांना 'पोरगा तिकडे नेमके काय करतो' हे दाखवणे हा त्याचा हेतू. त्याच्याकडे डच समाजाचे चित्रण मागणे म्हणजे वरणभातात बिर्याणी शोधणे. हे उत्तर मला अर्धेच पटते. आतल्यांसाठी लिहिलेली गोष्ट आतल्यांपुरतीच राहते असा काही नियम नाही. लक्ष्मीबाईंनी तरी कुठे जगासाठी म्हणून लिहिले? फरक नजरेचा आहे. त्यांच्या लेखनात समोरच्या माणसालाही स्वतःचे म्हणणे असते, मग तो मिशनरी असो, सोवळे पाळणारा नातेवाईक असो, नाहीतर संतापी नवरा असो. अँडरसन यांच्या घरातल्या चौघांना म्हणणे आहे. घराबाहेर पडल्यावर मात्र ते कोणालाच उरत नाही.

ही गोष्ट त्या चौघांपुरती असती तर मी इतके लिहिले नसते. माझा करारही दोन वर्षांचा आहे. इथल्या कितीतरी मराठी संशोधकांचा, आयटीतल्या मुलामुलींचा मुक्काम असाच दोन-तीन वर्षांचा असतो. आपल्याला कोणाचे मन वळवायचे नसते, पण आपल्या आठवड्याचा आराखडा काढून पाहावा. शनिवारी किराणा आणि धुणे, रविवारी आईला व्हिडिओ कॉल, गणपतीला मंडळ, एरवी आपल्याच भाषेतला नाहीतर इंग्रजीतला गोतावळा. त्या मुलांना निदान नियमानेच रोज अनोळखी दारासमोर उभे राहावे लागते, नकार ऐकावा लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते. आपल्यावर तशी सक्ती नाही. मग 'नेदरलँड्समध्ये दोन वर्षे होतो' या वाक्यात नेदरलँड्स किती असते, हा प्रश्न चित्रपटाला विचारला की तो आपल्यालाही लागू पडतो.

तेव्हा चित्रपट जरूर पाहावा. चौघांचे घर, पत्रांची वाट, विझलेला रॉजर्स पुन्हा पेटणे, यासाठी तो वेळ सत्कारणी लागतो. मात्र पाहताना एक खेळ करावा: दर वेळी कॅलहून एखादे दार ठोठावतो तेव्हा कॅमेरा आत गेला असता तर काय दिसले असते, याचा विचार करावा. न आलेल्या त्या चित्रपटासाठी दिग्दर्शक बहुधा हार्लेममधलाच लागेल, दाराच्या आत वाढलेला. आणि त्याच्या सिनेमात ही पांढऱ्या शर्टातली मुले फार तर दोन मिनिटांची असतील, कारण त्यांनी मागितलेली होती तेवढीच.