'अष्टपैलू' या शब्दाचा मोह

वैरागहून तुळजापूर फार दूर नाही. म्हणून तिथल्या राजवर्धन हंगरगेकरचे कौतुक आमच्याकडेही घरच्या मुलाचे व्हावे तसे झाले. त्या कौतुकात थोडी गफलत आहे, असे आम्हांस वाटते. वेगवान गोलंदाजाने चार षटकार ठोकले, की आपण त्याला अष्टपैलू ठरवून मोकळे होतो. जानेवारी २०२२ मध्ये, १९ वर्षांखालील विश्वचषकात, त्याने आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा कुटल्या. पुढच्याच महिन्यात चेन्नईने त्याच्यासाठी दीड कोटी रुपये मोजले.

हा शब्द खरा शोभला कोल्हापूरच्या दत्तू फडकरांना. १९४७ साली सिडनीत पदार्पणातच अर्धशतक आणि १४ धावांत तीन बळी, पुढे अॅडलेडला १२३ धावा. ३१ कसोटींत दोन शतके व ६२ बळी. एवढ्या मोजमापाला तुळजापूरच्या तरुणाला आजच का उभे करावे?

त्याचे खरे बळ चेंडूत आहे. ३१ मार्च २०२३ रोजी, आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात, त्याने गुजरातचे तीन गडी बाद केले. दिशेवरची हुकूमत मात्र कच्ची वाटली, आणि त्या हंगामात त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. त्याच जुलैत कोलंबोला पाकिस्तान 'अ' संघाचे पाच गडी त्याने ४२ धावांत टिपले. आमच्या लेखी ही कामगिरी त्या टाळ्यांहून मोठी. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौने त्याला तीस लाखांना घेतले, तेव्हा पडलेल्या किमतीची चर्चा झाली. कोलंबोचे पाच बळी कोणी आठवले नाहीत.