परमुलखातले अंगण

मी मूळचा साताऱ्याचा, राहतो सांगलीला. मिरजेहून कोल्हापूरला जाताना वळिवडे स्टेशन शेकडो वेळा मागे टाकले. पण तेथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे मला ‘पोल्स इन इंडिया १९४२–१९४८’ या ग्रंथाने सांगितले. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडलेली, पुढे इराणमार्गे आपल्याकडे आलेली ही मुले. काही आमच्या पाचगणीलाही हवापालटासाठी होती. उतारवयात त्यांनी लिहिलेल्या या आठवणी.

ग्रंथ अनेक हातांचा. त्यामुळे तीच छावणी, तीच शाळा, तेच बालवीरांचे मेळावे पुनःपुन्हा येतात. एखादा चोखंदळ संपादक यातली निम्मी पाने गाळील. मी गाळणार नाही. घर आणि मुलूख हरवलेल्या मुलाला जे थोडे सुख मिळाले, ते त्याला मोजूनमोजूनच सांगावेसे वाटणार. या पुनरुक्तीतच ग्रंथाचा जीव आहे.

उणीव निराळी आहे. येथे नजर आहे ती पाहुण्यांची, यजमानांची नाही. पण हा दोष त्यांचा म्हणावा काय? ते लिहिणे आपले काम होते. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली, तेव्हा साताऱ्यातली मुलेही घरांना मुकली. लढाईवाचूनही घर जाते, वाचकहो! त्यांच्या आठवणींचा असा अनेकमुखी ग्रंथ माझ्या वाचनात नाही. त्या मुलांचे केस आता पिकले आहेत. या दिवाळीत फराळाला बसलेल्या वडीलधाऱ्यांना एवढे तरी विचारा : तुमचे अंगण कसे होते?