बहुअल्गोरिदम कूटचलनातील मायनिंग : विकेंद्रीकरणाच्या दाव्याची चिकित्सा

प्रास्ताविक

कूटचलनाची चर्चा बहुधा त्याच्या भावाभोवती फिरते. भाव चढला की कौतुक आणि उतरला की निंदा, असा तिचा सर्वसाधारण क्रम असतो. या चलनाचा खरा पाया मात्र बाजारात नसून मायनिंग या प्रक्रियेत आहे. नवीन नाणी कशी निर्माण होतात, व्यवहारांची नोंद कोण करतो आणि त्या नोंदीवर इतरांनी विश्वास का ठेवावा, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर या एकाच प्रक्रियेत दडलेले आहे. बिटकॉइनने या प्रक्रियेसाठी एकच अल्गोरिदम स्वीकारला. पुढे काही चलनांनी एकाऐवजी पाच अल्गोरिदम योजले आणि त्यामुळे सत्तेचे केंद्रीकरण टळते, असा दावा केला. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा करावयाची आहे. पाच अल्गोरिदम म्हणजे पाच स्वतंत्र माणसे नव्हेत. बहुअल्गोरिदम पद्धतीने यंत्रांची विविधता साधते, परंतु सत्तेचा प्रश्न सुटत नाही, तो केवळ जागा बदलतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एका अल्गोरिदमची मर्यादा

मायनिंगचे मूळ सूत्र साधे आहे. मायनर प्रलंबित व्यवहार गोळा करतो, त्यांना मागील ब्लॉकच्या हॅशची जोड देतो, त्यात कालनोंद आणि एक बदलता अंक घालतो आणि या सर्वांचा हॅश काढतो. तो हॅश ठरावीक लक्ष्यसंख्येपेक्षा लहान आला तर ब्लॉक मान्य होतो व मायनरला बक्षीस मिळते; मोठा आला तर अंक बदलून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. उत्तर शोधणे कष्टाचे, परंतु तपासणे क्षणाचे, ही या पद्धतीची खुबी होय. ब्लॉक फार लवकर सापडू लागले तर काठिण्यपातळी वाढते, उशिरा सापडू लागले तर ती कमी होते. शृंखलेला फाटे फुटले तर जिच्यामागे अधिक श्रम साठले आहेत ती शृंखला खरी मानली जाते.

२००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात एका संगणक-प्रक्रियकास एक मत, अशी समतेची कल्पना अभिप्रेत होती. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनचे जाळे सुरू झाले तेव्हा घरच्या संगणकावर मायनिंग करणे शक्य होते. पुढे ग्राफिक्स कार्डे आली आणि २०१३ पासून केवळ एसएचए-२५६ हाच अल्गोरिदम चालविणाऱ्या असिक चिप बाजारात आल्या. त्यानंतर घरचा संगणक या स्पर्धेतून बाद झाला. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या लाइटकॉइनने अधिक स्मृती लागणारा स्क्रिप्ट हा अल्गोरिदम निवडला होता. पण २०१४ मध्ये स्क्रिप्टसाठीही असिक यंत्रे उपलब्ध झाली. जून २०१४ मध्ये तर जीहॅश या एकाच मायनिंग पूलकडे बिटकॉइनच्या एकूण गणनशक्तीचा निम्म्याच्या आसपास वाटा गेला आणि एक मत, एक प्रक्रियक ही कल्पना कागदावरच राहिल्याचे स्पष्ट झाले.

पाच अल्गोरिदमांची रचना

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०१४ मध्ये मिरियडकॉइन हे पाच अल्गोरिदम वापरणारे चलन सुरू झाले. जानेवारी २०१४ मध्ये केवळ स्क्रिप्टवर सुरू झालेल्या डिजिबाइटनेही त्याच वर्षी ही पद्धत स्वीकारली. डिजिबाइटचे त्या वेळचे पाच अल्गोरिदम असे होते : एसएचए-२५६, स्क्रिप्ट, ग्रोस्टल, स्केन आणि क्युबिट. यांपैकी ग्रोस्टल व स्केन यांचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने घेतलेल्या एसएचए-३ स्पर्धेच्या अंतिम फेरीत सापडते; २०१२ साली त्या स्पर्धेत केचॅकची निवड झाली. क्युबिट हा पाच हॅश-फलनांची साखळी करून बनविलेला आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रत्येक ब्लॉकला पाचही कोडी सोडवावी लागतात असे नाही. पाचांपैकी कोणतेही एक सोडविले तरी ब्लॉक मान्य होतो. कोणत्या अल्गोरिदमने तो सोडविला याची खूण ब्लॉकच्या शीर्षभागातील आवृत्तिक्रमांकात असते. जाळ्यातील प्रत्येक संगणक ती खूण पाहून योग्य तो अल्गोरिदम चालवितो आणि त्या अल्गोरिदमची स्वतंत्र लक्ष्यसंख्या ओलांडली गेली नाही ना, हे तपासतो. म्हणजे काठिण्यपातळी एक नसून पाच असतात. डिजिबाइटमध्ये सरासरी दर १५ सेकंदांनी एक ब्लॉक अपेक्षित आहे. सबब प्रत्येक अल्गोरिदमच्या वाट्याला सरासरी ७५ सेकंदांनी एक ब्लॉक येतो. एखाद्या अल्गोरिदमवर कितीही यंत्रे तुटून पडली तरी त्याची काठिण्यपातळी वाढते आणि त्याचा वाटा पुन्हा सुमारे २० टक्क्यांवर येतो.

या रचनेचे गुण मान्य केलेच पाहिजेत. असिक यंत्राचा मालक आणि ग्राफिक्स कार्डाचा मालक एकाच जाळ्यात आपापल्या गटात स्पर्धा करू शकतात. समजा, एसएचए-२५६ ची सर्व यंत्रे एका रात्रीत निघून गेली, तरी उरलेले चार अल्गोरिदम काम चालू ठेवतात. ब्लॉकचे सरासरी अंतर १५ सेकंदांवरून १८.७५ सेकंदांवर जाईल, एवढेच. एकाच अल्गोरिदमवर अवलंबून असलेल्या लहान चलनात अशा प्रसंगी जाळे तासन् तास ठप्प होऊ शकते. हा लाभ कागदी नव्हे, खरा आहे.

पाच मापे आणि एक तराजू

खरी अडचण शृंखलेची निवड करताना येते. ज्या शृंखलेमागे अधिक श्रम ती खरी, हा नियम एका अल्गोरिदमपुरता निःसंदिग्ध आहे. परंतु एसएचए-२५६ चा एक हॅश आणि स्क्रिप्टचा एक हॅश यांची तुलना कशी करावयाची? पहिला काढणे अतिशय स्वस्त, दुसरा तुलनेने फार महाग. दोहोंची सरळ बेरीज करणे म्हणजे शेर आणि कोस यांची बेरीज करण्यासारखे आहे.

यावर मिरियडकॉइन व डिजिबाइट यांच्या आज्ञावलीत योजलेला उपाय गुणोत्तर मध्याचा आहे. ब्लॉकचे वजन ठरविताना पाचही अल्गोरिदमांच्या चालू श्रममूल्यांचा गुणोत्तर मध्य विचारात घेतला जातो. यामुळे एककाचा प्रश्न मिटतो. कोणत्याही एका अल्गोरिदमची काठिण्यपातळी दुप्पट झाली तर मध्य सारख्याच प्रमाणात, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांनी, वाढतो. ही युक्ती गणिती दृष्ट्या सुबक आहे. परंतु तिच्यात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे : पाचही अल्गोरिदमांना समान मान. ज्या अल्गोरिदमवर जगभरातील प्रचंड यंत्रसामग्री राबते आणि ज्यावर मूठभर यंत्रे चालतात, त्या दोहोंची दुप्पट येथे सारखीच मोजली जाते. इतर चार स्थिर असताना एका अल्गोरिदमची काठिण्यपातळी ३२ पट झाली तर मध्य दुप्पट होतो. एसएचए-२५६ च्या बाबतीत ३२ पट म्हणजे अफाट भांडवल. दुर्लक्षित अल्गोरिदमच्या बाबतीत ती तुलनेने आटोक्यातली रक्कम असू शकते.

डिजिबाइटच्या समर्थकांच्या लेखनात असे सांगितले जाते की, हल्लेखोराला एका अल्गोरिदमची ९३ टक्के आणि उरलेल्या चारही अल्गोरिदमांची ५१ टक्के शक्ती लागेल. हा आकडा ऐकणाऱ्यास दिलासा देतो. परंतु टक्केवारी म्हणजे किंमत नव्हे. एसएचए-२५६ व स्क्रिप्ट या अल्गोरिदमांची बहुतांश यंत्रे अनुक्रमे बिटकॉइन व लाइटकॉइनसाठी राबतात. त्या विशाल साठ्यातील लहानसा भाग क्षणभर इकडे वळला तरी लहान चलनातील निम्म्याहून अधिक शक्ती सहज व्यापली जाऊ शकते. गणनशक्ती भाड्यानेही मिळते. इथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ आणि ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या बहुमताच्या हल्ल्यांनी लहान चलनांची ही दुर्बलता दाखवून दिली. ते चलन एकाच अल्गोरिदमचे होते हे खरे. पण पाहुण्या यंत्रांचा धोका पाच दारे उघडल्याने आपोआप कमी होत नाही.

व्हर्जचा धडा

दाव्याची परीक्षा प्रत्यक्षात झाली ती व्हर्ज या चलनाच्या बाबतीत. हे चलन २०१४ मध्ये डोजकॉइनडार्क या नावाने आले आणि २०१६ मध्ये त्याचे नाव व्हर्ज झाले. त्यातही पाच अल्गोरिदम होते आणि ब्लॉकचे अपेक्षित अंतर ३० सेकंदांचे होते. एप्रिल २०१८ मध्ये त्यावर झालेला हल्ला बहुअल्गोरिदम पद्धतीच्या अभ्यासकाने मुळातून समजून घ्यावा असा आहे.

विकेंद्रित जाळ्यात सर्वांचे घड्याळ एक नसते, म्हणून ब्लॉकवरील कालनोंदीत काही फरक चालवून घेतला जातो. व्हर्जमध्ये ही सवलत सुमारे दोन तासांची होती. हल्लेखोराने स्क्रिप्टने सोडविलेल्या ब्लॉकांवर खोट्या कालनोंदी घातल्या. त्यामुळे स्क्रिप्टचे ब्लॉक फार उशिरा सापडत आहेत असा नियंत्रण-सूत्राचा समज झाला आणि त्याने स्क्रिप्टची काठिण्यपातळी जवळजवळ शून्यावर आणली. मग जवळपास दर सेकंदाला एक या वेगाने ब्लॉक निघू लागले आणि त्यांचे बक्षीस हल्लेखोराच्या पदरी पडले.

येथे पाच अल्गोरिदमांची भूमिका काय होती? काठिण्यपातळी स्वतंत्र असल्याने घसरण केवळ स्क्रिप्टची झाली. उरलेल्या चार अल्गोरिदमांचे प्रामाणिक मायनर आपापल्या जुन्या, कठीण कोड्यांशी झगडत राहिले. हल्लेखोराला संपूर्ण जाळ्याशी नव्हे, तर फक्त स्क्रिप्टच्या मायनरांशी स्पर्धा करावी लागली. जी विभागणी संरक्षण म्हणून मिरविली जात होती तिनेच त्याचे काम हलके केले. दुरुस्ती करण्यात आली. परंतु मे २०१८ मध्ये पुन्हा हल्ला झाला. त्या वेळी स्क्रिप्ट आणि लायरा-२ असे दोन अल्गोरिदम आलटून पालटून वापरण्यात आले आणि सुमारे ३.५ कोटी व्हर्ज नाणी उकळण्यात आली.

यावरून बहुअल्गोरिदम पद्धतच सदोष ठरते असे म्हणणे घाईचे होईल. मूळ दोष कालनोंदीच्या सैल नियमात व काठिण्यपातळीच्या सूत्रात होता. मात्र एक तत्त्व निश्चितपणे हाती लागते. जेथे पाचांपैकी कोणतेही एक दार उघडले तरी घरात शिरता येते, तेथे घराची सुरक्षितता सर्वांत मजबूत दारावर नव्हे, सर्वांत कच्च्या दारावर ठरते. शिवाय पाच दारांची राखण करणारे नियम एका दाराच्या नियमांपेक्षा अधिक गुंतागुंतीचे असतात आणि गुंतागुंत हीच हल्लेखोराची संधी असते.

निर्णय कोणाचा?

शेवटचा प्रश्न तांत्रिक नसून राजकीय स्वरूपाचा आहे. कोणते पाच अल्गोरिदम निवडावयाचे, त्यांना समान मान द्यावयाचा की कमीअधिक, एखाद्यासाठी असिक यंत्रे आली तर तो काढावयाचा की ठेवावयाचा, हे कोण ठरवितो? डिजिबाइटने जुलै २०१९ मध्ये ग्रोस्टल वगळून ओडोक्रिप्ट हा अल्गोरिदम आणला. तो दर १० दिवसांनी आपले रूप बदलतो, जेणेकरून त्यासाठी कायमस्वरूपी असिक चिप बनविणे परवडू नये. पुन्हा रचना करता येणाऱ्या एफपीजीए चिपना मात्र तो अनुकूल आहे. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु या एका बदलाने ग्रोस्टलच्या यंत्रांत पैसा गुंतविलेल्यांचे दार बंद झाले आणि एफपीजीए बाळगणाऱ्यांसाठी नवे दार उघडले. अशा बदलाला जाळ्यातील संगणक चालविणाऱ्यांची संमती लागते हे खरे. पण प्रस्ताव, आज्ञावली आणि वेळापत्रक विकासकांच्या लहान गटाकडूनच येते. यंत्रमालकांच्या हाती एकवटलेली सत्ता अशा रीतीने नियमकर्त्यांच्या हाती काही अंशी सरकते. तिला विकेंद्रीकरण म्हणण्यापेक्षा सत्तेचे स्थलांतर म्हणणे अधिक अचूक ठरेल.

त्यातच एक भांडवलदार पाचही प्रकारची यंत्रे खरेदी करू शकतो आणि एकच पूल पाचही अल्गोरिदमांच्या मायनरांना सेवा देऊ शकतो. अल्गोरिदमांची संख्या मोजून मालकांची संख्या कळत नाही.

निष्कर्ष

बहुअल्गोरिदम मायनिंग ही एका खऱ्या समस्येवरील विचारपूर्वक केलेली, परंतु अर्धी सुधारणा आहे. एका प्रकारच्या यंत्राची मक्तेदारी ती रोखते आणि जाळे ठप्प होण्याचा धोका कमी करते. मात्र मालकीचे केंद्रीकरण ती रोखत नाही. श्रमांच्या तुलनेत मूल्यनिर्णय दडवते आणि नियम करणाऱ्यांचे महत्त्व वाढविते. यास्तव अशा चलनाचे मूल्यमापन करताना अल्गोरिदम किती, एवढ्यावर न थांबता चार प्रश्न विचारले पाहिजेत : सर्वांत दुर्बल अल्गोरिदम काबीज करण्यास खर्च किती येतो, काठिण्यपातळीचे सूत्र खोट्या कालनोंदीपुढे टिकते काय, श्रमांची तुलना कोणत्या नियमाने होते, आणि तो नियम बदलण्याचा अधिकार व्यवहारात कोणाकडे आहे.

वाणिज्य व संगणकशास्त्राच्या वर्गात विकेंद्रित हे विशेषण आता सहजपणे वापरले जाते. ते या प्रणालींचा गुणधर्म म्हणून शिकविण्याऐवजी तपासावयाचे गृहीतक म्हणून शिकविले गेले, तर आकडे ऐकून आपली बचत अशा चलनात गुंतवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आकड्यामागील अट विचारण्याची सवय लागेल. या विषयाच्या अध्यापनाचे प्रयोजन त्याहून वेगळे असू नये.