निळ्या धुराचे स्मरणरंजन

जुन्या गाड्यांच्या आठवणी हा आता मराठीत जवळजवळ स्वतंत्र लेखनप्रकार झाला आहे. वडिलांची येझदी, काकांची राजदूत, कॉलेजातली आरएक्स १०० आणि मुंबईची पद्मिनी टॅक्सी ही त्याची ठरलेली दैवते. मी पेणचा, नोकरीसाठी वर्षानुवर्षे रोह्याला जात-येत होतो. त्यामुळे आमच्या भागातल्या अशा आठवणींतला रस्ता माझ्या परिचयाचा आहे : वडखळ, नागोठणे, भिसे खिंड आणि मग रोहा. संध्याकाळी बाजारपेठेतून मारलेल्या फेऱ्या, खिंडीच्या वळणावर झुकवलेली गाडी, हे सारे मी आवडीने वाचतो. परंतु या आठवणींची नीट चिकित्सा झालेली नाही, आणि ती व्हायला हवी असे मला वाटते.

आधी गाड्यांविषयी. म्हैसूरच्या कारखान्यातून निघणारी जावा १९७३च्या सुमारास येझदी झाली आणि १९९६मध्ये तो कारखाना बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० १९८५मध्ये आली आणि तीही १९९६मध्येच थांबली. ९८ सीसीचे इंजिन, ११ अश्वशक्ती आणि हलके अंग, एवढ्यावर तिचा दरारा होता. या सगळ्या टू-स्ट्रोक गाड्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, ते पेट्रोलबरोबर जळायचे आणि निळा धूर सोडायचे. शिवाय नवे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरून जळालेला वायू बाहेर ढकलत असताना त्यातला काही भाग न जळताच सायलेन्सरवाटे निघून जाई. १९९६पासून धुराचे नियम कडक होत गेले आणि या रचनेचे दिवस भरले. ‘चांगली गाडी उगाच बंद केली’ ही हळहळ आठवणींत हमखास असते. हे कारण मात्र क्वचितच सापडते.

अमेरिकेतही असेच झाले. तिथल्या दणकट इंजिनांच्या गाड्यांची परंपरा साधारणपणे १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून मोजतात. दहा वर्षांच्या आत हवेच्या प्रदूषणाचा कायदा, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३चे तेलसंकट यांनी तिचा जोर ओसरला. त्याच १९७३मध्ये जॉर्ज ल्यूकसचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ आला. गावच्या रस्त्यावर रात्रभर गाड्या फिरवणाऱ्या पोरांचा हा चित्रपट १९६२ सालात घडतो. म्हणजे हळहळायला अवघी अकरा वर्षे पुरली. स्मरणरंजनाला काळाचे अंतर फारसे लागत नाही, परतीची वाट बंद झाली आहे ही जाणीव पुरते.

आपल्याकडे १९७३मध्येच ‘बॉबी’ आला आणि त्यातल्या छोट्या राजदूतला लोकांनी ‘बॉबी’ हेच नाव दिले. मोटरसायकल म्हणजे तारुण्य आणि घरातून सुटका, हे समीकरण तिथे पक्के झाले. पुढच्या आठवणींनी ते जसेच्या तसे उचलले. त्यांत गाडी चालवणारा नेहमी मुलगा असतो. मुलगी मागच्या सीटवर असते, नाहीतर खिडकीत. पेणच्या बाजारपेठेतली ती फेरी खिडकीतून कशी दिसत होती, हे मला अजून कुठे वाचायला मिळालेले नाही.

मराठीत याहून सकस परंपरा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये कोकणातली एसटी एका म्हशीपायी अडकते आणि त्या खोळंब्यात अख्खा समाज दिसू लागतो. वाहन थांबते म्हणून माणसे दिसतात. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरची मुले वारलेल्या वडिलांनी बनवलेली सायकल वाचवण्यासाठी बांगड्यांचा स्टॉल मांडतात. त्या सायकलीला बनवणारा आहे, किंमत आहे आणि घरावर कर्ज आहे. म्हणून ती आठवण रडवी होत नाही. मोटरसायकलच्या आठवणींत नेमके हेच नसते. गाडी कोणाच्या पगारातून आली, हप्ते कोणी फेडले, घरात दुसरे काय घ्यायचे राहून गेले, याचा पत्ता लागत नाही.

३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून धावायची थांबली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती; वीस वर्षांची मुदत संपली. एखादी तरी जतन करावी, अशी मागणीही झाली. आमच्या भागात ज्या गाडीने खरोखर माणसे वाहिली, त्या मिनीडोरसाठी अशी मागणी कोणी केलेली माझ्या ऐकिवात नाही. बजाज टेम्पोची ही सहा आसनी, डिझेलवर धडधडणारी तीनचाकी. तिच्यात सहाहून अधिक माणसे बसत. पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या कोळणी, रानभाजी आणणाऱ्या कातकरी बायका, धाटावच्या पाळीला निघालेले कामगार, शाळेची पोरे. तिच्या आवाजाला कोणी संगीत म्हणत नाही, कारण त्यात बसलेल्यांपैकी फार थोडे पुढे लिहिते झाले. आठवणींचे साहित्य लेखणी ज्याच्या हाती, त्याच्या गाडीचे होते.

तरी या स्मरणरंजनाला मी खोटे म्हणणार नाही. एक तोटा खरा आहे. पॉइंटमधली फट नजरेने लावणारा, कार्बन खरवडून बंद गाडी चालू करणारा, आवाजावरून बिघाड सांगणारा मिस्त्री संपत चालला आहे. त्याची विद्या हातात होती, वहीत नव्हती. गाडी पुन्हा बाजारात आणता येते. २०१८मध्ये जावा आणि २०२२मध्ये येझदी नव्या रूपात परतल्याच. ही हातातली विद्या तशी परत येणार नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात जुनी गॅरेजे हटण्याआधी पेण, नागोठणे आणि रोह्याच्या मिस्त्रींशी आणि मिनीडोरच्या चालकांशी कोणीतरी वही घेऊन बोलायला हवे. पुढच्या दिवाळी अंकांत आरएक्सवरचा एक लेख कमी आला तरी चालेल, पण त्यांच्यावरचा एक तरी यावा.