'स्टर्डी' म्हणजे नुसता धडधाकट नव्हे

मंडळी, आज एकच विशेषण घेऊ या: 'स्टर्डी'. आजच्या इंग्रजीत ही शाबासकी आहे. स्टर्डी टेबल, स्टर्डी बूट. म्हणजे भक्कम, टिकाऊ. पण इंग्लंडच्या १५३६ आणि १५९७ च्या कायद्यांत हे विशेषण भटक्यांना आणि भिकाऱ्यांना लावलेलं आहे. 'स्टर्डी बेगर' दिसला की आपण 'धडधाकट भिकारी' असं भाषांतर करून मोकळे होतो. माझा आक्षेप इथेच आहे.

मुळात हा जुन्या फ्रेंचमधला शब्द. तिथे अर्थ बधिर झालेला, भान सुटलेला. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता बेफाम, आडदांड, कुणाला न जुमानणारा. अंगानं मजबूत हा अर्थ नंतरचा. सोळाव्या शतकात दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. म्हणजे बघा, अंगाचं वर्णन करता करताच शब्द माणसाच्या वृत्तीवर निकाल देऊन जातो: काम करू शकतो, तरी करत नाही, म्हणजे माजलाय!

समोर दुसरं विशेषण होतं, 'इम्पोटंट'. आज त्याचा अर्थ जवळजवळ एकच उरलाय. तेव्हा अर्थ होता असमर्थ, अपंग, जराजर्जर. १५३१ च्या कायद्यानं अशांना भीक मागायचा परवाना दिला आणि सशक्तांना गाडीला बांधून रक्त येईस्तोवर फटके. १५४७ साली तर छातीवर डागणी आणि दोन वर्षं गुलामी. तो कायदा लवकरच रद्द झाला, ती गोष्ट वेगळी.

आता प्रश्न असा, की अंगात ताकद आहे पण कामच मिळत नाही, त्यानं कुठे जायचं? या दोन विशेषणांत त्याला जागाच नाही. १५७६ च्या कायद्यानं गरिबांना काम देण्यासाठी लोकर, ताग, लोखंड साठवायला सांगितलं, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली.

म्हणून 'धडधाकट' हे भाषांतर चूक नाही, अपुरं आहे. त्यानं शब्दातला आरोप झाकला जातो आणि फटके जणू शरीराच्या तपासणीवरून दिले, असं वाटतं. आणि हे फार दूरचं नाही. भीक मागण्याला बंदी करणाऱ्या मुंबईच्या १९५९ च्या कायद्यातही उपजीविकेचं 'दिसणारं' साधन नसणं ही एक खूण आहे. दिसणारं, पण कुणाला? जुनी दप्तरं वाचताना विशेषणापाशी थांबून एवढं विचारायलाच हवं.