जन्मवजन : कारण की चिन्ह? नवजात श्वानपिलांच्या संशोधनाचे एक परीक्षण

कुत्र्याची जिवंत जन्मलेली पिले पहिल्या तीन आठवड्यांत मोठ्या प्रमाणावर दगावतात आणि त्यांतही पहिले दोन दिवस सर्वांत घातक असतात, ही गोष्ट पशुवैद्यकास नवी नाही. या मृत्यूंची मीमांसा करणाऱ्या अलीकडील संशोधनात जन्मवजनाला अग्रस्थान मिळाले आहे. ते मोजण्यास साधा तराजू पुरतो, पिलाला इजा होत नाही आणि आकडा तत्काळ हाती येतो. परंतु जे सहज मोजता येते तेच मूलभूत होय, असे मानण्याचा मोह संशोधकाला नेहमीच होत असतो. म्हणून प्रश्न विचारावयास हवा तो असा : अल्प जन्मवजन हे मृत्यूचे कारण आहे, की दुसऱ्याच एखाद्या कारणाचे केवळ चिन्ह?

प्रथम या संशोधनाचे श्रेय मान्य केले पाहिजे. फ्रान्समधील तुलूझ येथील मिला व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली दाखवून दिले की अल्प जन्मवजनाचा संबंध मुख्यतः पहिल्या दोन दिवसांतील मृत्यूंशी आहे. त्यानंतरच्या, म्हणजे एकविसाव्या दिवसापर्यंतच्या, मृत्यूंशी अधिक निगडित असते ती पहिल्या दोन दिवसांतील वजनवाढ. हा भेद महत्त्वाचा होय. जन्मवजनात गर्भाशयातील इतिहास साठलेला असतो, तर नंतरच्या वाढीत चिकाचा. पुढे 2019 साली म्युनिए व सहकाऱ्यांनी साडेसहा हजारांहून अधिक पिलांच्या नोंदी तपासून धोक्याची वजनमर्यादा जातीगणिक ठरविली. सर्व लहान जातींना एक आणि सर्व मोठ्या जातींना दुसरी, अशी ढोबळ मोजपट्टी त्यामुळे निरुपयोगी ठरली.

येथवर वाद नाही. वाद सुरू होतो तो मर्यादेचा अर्थ लावताना. मर्यादेखाली जन्मलेली सर्व पिले एकाच कारणाने हलकी नसतात. एखादे पिलू हलके असते ते वेत मोठे आहे म्हणून. दुसरे जन्मजात व्यंगामुळे. तिसरे त्याची वार नीट काम करीत नव्हती म्हणून. तराजूवर तिन्ही सारखीच दिसतात, परंतु तिघांचे भवितव्य सारखे नसते. मानवी अर्भकांच्या अभ्यासाने हा धडा फार पूर्वीच दिलेला आहे. धूम्रपान करणाऱ्या मातांची कमी वजनाची अर्भके, धूम्रपान न करणाऱ्या मातांच्या तितक्याच कमी वजनाच्या अर्भकांपेक्षा अधिक प्रमाणात जगतात, असे येरुशल्मी यांना 1971 साली आढळले. याचा अर्थ धूम्रपान हितकर आहे असा मुळीच नव्हे. दुसऱ्या गटातील अर्भकांना हलके करणारी कारणे अधिक गंभीर होती, हाच त्याचा सयुक्तिक उलगडा होय. श्वानपिलांच्या संशोधनात मात्र या विचाराला अद्याप पुरेसे स्थान मिळालेले दिसत नाही.

मग हलकेपणाचे कारण कोठे शोधावे? अर्थातच वारेत. कुत्रीची वार गर्भाला पट्ट्याप्रमाणे वेढते आणि प्रत्येक पिलाची वार स्वतंत्र असते. एकाच वेतातील दोन भावंडांच्या पोषणात अंतर का पडते, याची साक्ष म्हणूनच तिच्यात सापडण्याची शक्यता असते. तिच्या कडांशी साठलेल्या रक्तात हिरवे रंगद्रव्य असते. पहिले पिलू बाहेर येण्यापूर्वीच हिरवट स्राव दिसला तर वार सुटू लागली असे अनुभवी पशुवैद्य जाणतो. वारेतून पिलाला मातेची रोगप्रतिबंधक द्रव्ये अत्यल्प मिळतात. बाकी सर्व भिस्त पहिल्या दिवसाच्या चिकावर असते. दुबळे पिलू चोखू शकत नाही, त्याचे शरीर थंड पडते, रक्तातील साखर उतरते आणि मग तर ते मुळीच चोखू शकत नाही. या साखळीचा पहिला दुवा पुष्कळदा वारेत असतो. जन्मवजन हा दुसरा.

असे असूनही वारेचा अभ्यास मागे का पडला? याचे कारण अगदी साधे आहे. कुत्री व्याली की वार खाऊन टाकते. कोणत्या पिलाची वार कोणती, हे निश्चितपणे सांगता येते ते बहुधा शस्त्रक्रियेने पिले काढली तरच. परंतु शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणाऱ्या कुत्र्या या सर्वसाधारण कुत्र्यांच्या प्रतिनिधी नव्हेत. त्यांत चपट्या तोंडाच्या जाती आणि अडलेल्या विणी अधिक. शिवाय भुलीच्या औषधाचा परिणाम पिलांच्या चैतन्यावर होतो, तो वेगळाच. म्हणजे जेथे वार हाती येते तेथे नमुना एकांगी, आणि जेथे नमुना व्यापक तेथे वार हाती येत नाही. या कोंडीचा विचार केल्यावाचून काढलेले निष्कर्ष सावधपणेच स्वीकारले पाहिजेत.

आणखी दोन दोष नोंदविणे अगत्याचे आहे. एक, फक्त जिवंत जन्मलेली पिले मोजली, तर ज्यांची वार सर्वांत सदोष होती ती मृतजात पिले हिशेबातून आपोआप गळतात. दोन, एका वेतातील सहा पिले म्हणजे सहा स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. माता एक, गर्भाशय एक, चीकही एकच. वेत हे एकक मानले नाही, तर आकडेवारीला नसलेली बळकटी येते.

या विवेचनाचे व्यवहारातील महत्त्व थोडे नाही. फ्रेंच पैदासगृहांतील मर्यादा आपल्या कारवानी कुत्र्यांच्या पिलांना लावणे, म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढविणे होय. त्या मर्यादेने निरोगी पिलू रोगी ठरेल, किंवा धोक्यातले पिलू सुरक्षित समजले जाईल. आपल्या विद्यार्थ्यांनी विणीच्या वेळी हजर राहून प्रत्येक पिलाचे वजन, वारेचे वजन व स्वरूप, वेतातील संख्या, मृतजात पिले आणि दुसऱ्या दिवसाचे वजन एवढी नोंद जरी नेमाने ठेवली, तरी या विषयात मोलाची भर पडेल. तराजू टाकून द्या असे कोणीही म्हणणार नाही. मात्र तराजूवरचा आकडा हे उत्तर नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आजवर टाकून दिलेल्या वारेकडे वळणे अपरिहार्य आहे.