तारेचे तीन नियम आणि मिरजेची जवारी

ताणलेल्या तारेची कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. उच्च माध्यमिक वर्गात हे तीन नियम सोनोमीटरवर पडताळले जातात, आणि ‘उदाहरणार्थ सतार, गिटार’ असे म्हणून विषय मिटतो. या मांडणीविषयीच तक्रार आहे. नियम बिनचूक आहेत; पण ते नादाची उंची सांगतात, जात सांगत नाहीत. एकाच स्वरात लावलेली गिटार आणि तंबोरा डोळे मिटूनही वेगळे ओळखू येतात. ते कशामुळे, हे पाठात येतच नाही.

बीड जिल्ह्यातल्या तेलगावसारख्या गावी सोनोमीटर असो वा नसो, गोंधळ्याचे तुणतुणे मुलांच्या कानांवरून गेलेले असते. खुंटी पिळली की ताण वाढतो आणि स्वर चढतो. इथवर पाठ बरोबर चालतो. पण बारीक तार स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. तिची कंपने तळाच्या चामड्याला मिळतात आणि ऐकू येतो तो मुख्यतः चामड्याचा आवाज. गिटारीत हे काम पातळ लाकडी फळी करते, तंबोऱ्यात भोपळ्यावर बसवलेली तबली.

याहून मोठी उणीव तारेच्या टोकाशी आहे. सोनोमीटरची तार धारदार पाचरीवर टेकते. गिटारीतही टेकू अरुंदच असतो. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित बाकदार असते. कंप पावणारी तार तिच्या पाठीला क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. म्हणजे तारेचे टोक एका बिंदूत पक्के नसतेच. आणि सूत्र तर तेच गृहीत धरते!

मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या कारागिरांच्या हाताची खरी परीक्षा जवारी काढण्यात होते. घोडीची पाठ कानशीने घासायची, तार छेडून ऐकायचे, पुन्हा घासायचे. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. धागा केसभर हलला तरी झंकार मिटतो. कान हेच इथले मोजमापाचे साधन, आणि ते ढोबळ मुळीच नाही.

याकडे भौतिकशास्त्राचे लक्ष वेधले ते चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, १९२१ मधील भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात. त्यांचा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. तार बरोबर मध्यावर छेडावी आणि लगेच तिथेच बोट हलके टेकवावे. मध्यावर छेडल्याने सम क्रमांकाचे उपस्वर निर्माण होऊ नयेत, कारण त्यांचा निस्पंद तिथे असतो. विषम क्रमांकाचे आणि मूळ स्वर बोट बंद करते. मागे काही उरू नये. गिटारीवर बाराव्या पडद्याच्या वर हे करून पाहा, आवाज जवळजवळ थांबतो. तंबोऱ्यावर मात्र वरच्या सप्तकातला स्वर स्पष्ट वाजत राहतो.

गावातल्या भजनी मंडळाकडे किंवा गायन शिकवणाऱ्यांकडे जवारीदार तंबोरा असेल तर एका तासापुरता मागून आणावा. आधी सोनोमीटर, मग तंबोरा, या क्रमाने प्रयोग करावा. धाग्याला मात्र मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये.